कारखान्यातला प्रश्न प्रयोगशाळेत कसा न्यावा: मुंबई परिसरातल्या लघुउद्योजकांसाठी आणि प्राध्यापकांसाठी

मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांत प्राचार्यांच्या केबिनमध्ये एक फोटो हमखास दिसतो. शाल, श्रीफळ, दोन फायली, दोन सह्या आणि मागे बॅनर. एमओयू (सामंजस्य करार) झाला. पुढे काय झालं असं विचारलं की 'दोन इंडस्ट्रियल व्हिजिट झाल्या' असं उत्तर येतं. नॅकच्या (कॉलेजांच्या मूल्यांकनाच्या) फायलीत एक कागद वाढतो, कंपनीच्या वार्षिक अहवालात एक ओळ वाढते, आणि दोन्हीकडची माणसं पुन्हा एकमेकांना फोन करत नाहीत.

पुढचं सगळं लिहिलंय ते खरंच काम करायचंय त्यांच्यासाठी. एकीकडे तळोजा, अंबरनाथ, महापे, वसई किंवा वागळे इस्टेटमधला कारखानदार, ज्याच्याकडे प्रश्न आहेत पण संशोधन शाखा नाही. दुसरीकडे प्राध्यापक, ज्यांच्याकडे उपकरणं आणि विद्यार्थी आहेत पण प्रश्न पुस्तकातले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: अशी कामं विज्ञानापायी क्वचितच बुडतात. एक तर प्रश्न धड लिहिलेला नसतो, नाहीतर निघालेलं उत्तर कोणाचं हे ठरलेलं नसतं. म्हणून या दोन गोष्टींना इथे जास्त जागा दिली आहे.

तसं मुंबईला हे काही नवं नाही. माटुंग्याची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग म्हणून सुरू झाली. जुनी मंडळी अजून तिला यूडीसीटीच म्हणतात. प्रा. एम. एम. शर्मा यांच्यासारखे तिथले शिक्षक वर्गाइतकेच कारखान्यांतही वावरले. माटुंग्यातच १९२४ पासून कापसावर काम करणारी प्रयोगशाळा आहे, आज ती सिरकॉट या नावाने चालते. १९५४ मध्ये कापडधंद्यासाठी घाटकोपरला बीट्रा ही सहकारी संशोधन संस्था उभी राहिली. ताजं उदाहरण हवं असेल तर नेक्सकार१९ ही कर्करोगावरची कार-टी पेशी उपचारपद्धती (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून पुन्हा देणारी) घ्या. आयआयटी मुंबईत प्रा. राहुल पुरवार यांच्या गटाने ती रचली, टाटा मेमोरियलमध्ये रुग्णांवर चाचण्या झाल्या आणि इम्युनोअॅक्ट या कंपनीने उत्पादन उभं केलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते पवईत लोकार्पण झालं. त्यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे कामाची वाटणी: प्रयोगशाळा, रुग्णालय आणि कंपनी यांतल्या प्रत्येकाने जे आपल्याला येतं तेच केलं.

आधी प्रश्न एका पानावर लिहा

एक कल्पित उदाहरण घेऊ आणि तेच शेवटपर्यंत धरू. समजा, तुमचा तळोज्यात डाय इंटरमीडिएटचा, म्हणजे रंग बनवायला लागणाऱ्या मधल्या रसायनाचा, लहानसा प्लँट आहे. बॅच रिअॅक्टरमध्ये होते, निवते, स्फटिक पडतात, मग फिल्टर प्रेस, म्हणजे दाबाने कापडातून गाळणारं यंत्र; कापडावर साठतो तो घट्ट थर म्हणजे केक. तुम्ही प्राध्यापकांकडे जाऊन म्हणता, 'सर, आम्हाला प्रॉडक्टची क्वालिटी सुधारायची आहे.' या वाक्यावर कोणालाही काही करता येणार नाही. सर चहा देतील, आपले दोन पेपर देतील आणि 'विद्यार्थी पाठवतो' म्हणतील. विषय तिथेच मिटला.

आता तोच प्रश्न असा लिहून पाहा: 'एरवी फिल्टर प्रेस ६ तासांत सुटतो. डिसेंबर ते फेब्रुवारी त्याच बॅचला १४ तास लागतात. केक चिकट येतो, कापड चोंदतं. कच्चा माल तोच, रेसिपी तीच. तीन हिवाळे असंच चाललंय.' हे वाचताच रसायन अभियांत्रिकीचा माणूस विचारणार: थंडीत कूलिंग टॉवरचं पाणी किती अंशांवर जातं? कारण पाणी गार असेल तर बॅच झपाट्याने निवते, द्रावण एकदम अतिसंपृक्त होतं (पेलवेल त्याहून जास्त पदार्थ त्यात उरतो) आणि मोठे स्फटिक वाढण्याऐवजी असंख्य बारीक कण पडतात. कण आकाराने निम्मा झाला तर केकमधून पाणी जायला साधारण चौपट अडथळा होतो. एका परिच्छेदामुळे विषय 'क्वालिटी'वरून 'निवण्याचा वेग'वर आला. एवढं झालं की अर्धं काम झालं.

त्या पानावर आणखी काय हवं? पहिलं म्हणजे, आकडे. बॅच शीट्सच्या झेरॉक्स जोडा, मागच्या दोन वर्षांच्या, हाताने लिहिलेल्या असल्या तरी चालतील. कित्येक कारखान्यांत ही माहिती वहीत पडून असते आणि कोणी ती महिन्यांनुसार मांडलेली नसते. कधी कधी नुसती मांडली तरी उत्तर दिसतं, आणि मग विद्यापीठात जायची गरजच राहत नाही. तसं झालं तर उत्तम.

दुसरं, आजवर काय करून पाहिलं. ही ओळ लोक गाळतात. कापड बदललं, प्रेसचा दाब वाढवला, सप्लायरला बोलावलं आणि फरक पडला नाही, हे सगळं लिहा. त्यात कमीपणा काही नाही. ते लिहिलं नाही तर विद्यार्थी पहिले तीन महिने तेच पुन्हा करेल आणि त्याचा पगार तुम्ही भराल.

तिसरं, काय बदलता येणार नाही. नवा रिअॅक्टर घ्यायला पैसे नाहीत. सॉल्व्हंट बदलला तर संमतीपत्राच्या अटी बदलतील आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जावं लागेल. ग्राहकाला शुद्धतेत फरक चालणार नाही. अशा अटी आधी सांगितल्या नाहीत तर सुंदर पण निरुपयोगी उत्तर हाती येतं.

आणि चौथं, किती सुधारणा झाली म्हणजे पुरे. '१४ तासांचे ८ झाले तर मला चालेल.' प्राध्यापकाला ६ वर आणायचा मोह होईल, कारण पेपर त्यातून निघतो. तुम्हाला ८ पुरत असतील तर तसं लिहा. शेवटच्या दोन तासांसाठी एक वर्ष जाऊ शकतं.

प्राध्यापकांना एकच विनंती: हा कागद हाती आला की एकदा प्लँटवर जाऊन या, आणि मालकाच्या केबिनमध्ये बसून नव्हे, रात्रपाळी सुरू होताना फिल्टर प्रेसपाशी उभं राहून. ऑपरेटर जे सांगतो ते बॅच शीटवर नसतं. 'थंडीत आम्ही जॅकेटचा व्हॉल्व्ह अर्धाच खोलतो, साहेब' (जॅकेट म्हणजे रिअॅक्टरभोवतीचं गार पाण्याचं आवरण) हे वाक्य सहा महिन्यांची दिशा बदलू शकतं.

कोणाच्या दारात जायचं

पवईच्या गेटची ओढ सगळ्यांना असते. आयआयटी मुंबईत उद्योगांचं काम आयआरसीसी या कार्यालयातून चालतं, व्यवस्था चोख आहे. पण तिथल्या प्राध्यापकांपुढे मोठ्या कंपन्यांची रांग असते आणि तळोज्यातल्या फिल्टर प्रेसवर कोणाचं मन बसेलच असं नाही. प्रश्नाच्या जातीवरून दार निवडा.

रसायनं, रंग, पॉलिमर, तेलं, अन्नप्रक्रिया, औषधं असतील तर आयसीटी. यंत्र, संरचना, विद्युत, उत्पादन प्रक्रिया असेल तर माटुंग्याचीच व्हीजेटीआय, ती १८८७ पासून आहे. कापड आणि तांत्रिक वस्त्रांसाठी बीट्रा, कापूस आणि तंतूंसाठी सिरकॉट. इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या विद्युतचुंबकीय व्यत्ययाच्या चाचण्यांसाठी समीर ही केंद्र सरकारची संस्था. भाभा अणुसंशोधन केंद्राकडे जायचं ते वेगळ्या कारणासाठी: तिथे निसर्गऋण बायोगॅस संयंत्रासारखी तयार तंत्रज्ञानं परवान्यावर मिळतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधीच कोणी काढून ठेवलं असेल तर नवं संशोधन कशाला? मुंबई विद्यापीठात कलिन्याला मूलभूत विज्ञानाचे विभाग आहेत, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक विद्यापीठांत नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यांसाठी संचालकाचं पद आहे. कोणाला भेटायचं कळत नसेल तर तिथून सुरुवात करा.

सेन्सर बसवणे, कॅमेऱ्याने माल तपासणे, बॅच शीट संगणकावर आणणे असल्या कामांना माझी पहिली पसंती जवळच्या अभियांत्रिकी कॉलेजला असते. तिथल्या तरुण प्राध्यापकाकडे वेळ असतो, उमेद असते, आणि विद्यार्थी लोकलने अर्ध्या तासात प्लँटवर पोचतो. विद्यार्थी आठवड्यातून दोनदा येऊ शकत नसेल तर काम सरकत नाही, संस्थेचं नाव कितीही मोठं असो.

संस्था ठरली तरी माणूस शोधावा लागतो. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातले पीएचडी प्रबंध फुकट वाचता येतात. तुमच्या विषयाचे शब्द टाका, मुंबईतल्या संस्था निवडा, गाइडचं नाव पाहा. एकाच गाइडकडे 'स्फटिकीकरण' विषयावर तीन प्रबंध झाले असतील तर तुमचा माणूस सापडला. विभागप्रमुखांना पत्र लिहून 'योग्य व्यक्तीकडे पाठवा' म्हणण्यापेक्षा हा रस्ता जवळचा. ईमेल चार ओळींचा, सोबत ते एक पान. कंपनीचं चाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशन जोडू नका, कोणी उघडत नाही.

वेळही महत्त्वाची. एम.टेक.च्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प साधारण जून-जुलैच्या सुमारास ठरतात. तुम्ही दिवाळीनंतर गेलात तर चांगले हात गुंतलेले असतात आणि मार्चनंतर सगळे परीक्षांत. मे महिन्यात बोलणी सुरू करा.

कामाचा प्रकार ओळखा, बिल त्यावर ठरतं

नमुना देऊन अहवाल घ्यायचा असेल तर ती चाचणी. त्याला करारमदार लागत नाही, दरपत्रक असतं, आणि अहवाल ग्राहकाला किंवा सरकारी खात्याला दाखवायचा असेल तर प्रयोगशाळेला त्या विशिष्ट चाचणीसाठी एनएबीएलची (प्रयोगशाळांची गुणवत्ता तपासणाऱ्या मंडळाची) मान्यता आहे का तेवढं पाहा. प्राध्यापकांचं ज्ञान काही दिवसांसाठी हवं असेल तर ती कन्सल्टन्सी. उत्तर कोणालाच माहीत नाही आणि प्रयोग करावे लागणार, तर ते प्रायोजित संशोधन. आणि प्रश्न तीन-चार वर्षं पुरेल एवढा खोल असेल तर पीएचडी. फिल्टर प्रेसचं काम माझ्या मते आधी दोन दिवसांची कन्सल्टन्सी आणि मग गरज पडली तर एका वर्षाचा प्रकल्प. थेट पीएचडीवर उडी मारू नका. पीएचडीचा विद्यार्थी नवं ज्ञान शोधायला बांधलेला असतो, तुमची पाळी सुटायला नव्हे.

हा फरक कराच्या बाबतीतही टोचतो. कन्सल्टन्सी आणि चाचणीवर साधारणपणे १८% जीएसटी लागतो. संशोधन अनुदानाची गोष्ट वेगळी आहे. काही नामांकित संस्थांना अनुदानांवर कर भरा अशा नोटिसा गेल्यावर बराच गदारोळ झाला आणि सप्टेंबर २०२४ मधल्या जीएसटी परिषदेच्या शिफारशीनंतर विद्यापीठं आणि १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३५ खाली अधिसूचित संस्थांना सरकारी किंवा खासगी अनुदानातून केलेल्या संशोधनावर सूट मिळाली. तेव्हा कागदावर 'अनुदान' लिहायचं की 'सल्लाशुल्क', हे दोन्हीकडच्या सीएंनी आधी बोलून ठरवावं. नुसतं नाव बदलून मात्र भागत नाही, कामाचं स्वरूपही तसं असावं लागतं.

बजेटमध्ये सगळ्यात मोठा आकडा माणसाचा असतो. ज्युनियर रिसर्च फेलोला केंद्राच्या २०२३ च्या सुधारित दरांनुसार महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता. त्याखालोखाल रसायनं, चाचण्या, प्रवास. वर संस्थेचा ओव्हरहेड (जागा, वीज, कार्यालय यांचा वाटा), जो प्रत्येक ठिकाणी वेगळा. कारखानदार इथे घासाघीस करतो. करा, पण विद्यार्थ्याच्या पैशावर नाही. कमी पैशात आलेला विद्यार्थी चौथ्या महिन्यात नोकरी लागली की निघून जातो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. सरकारी संस्थेत उपकरण विकत घ्यायचं असेल तर खरेदीची नियमबद्ध प्रक्रिया असते, त्यात महिने जातात. लहान उपकरण तुम्हीच विकत घेऊन वापरायला द्या आणि प्रकल्प संपल्यावर ते कोणाकडे राहील हे करारात लिहा.

करार: इथे घाई नको

पहिल्या भेटीआधी दोन पानांचा गोपनीयता करार करून घ्या. त्यात एकच जागा नीट पाहा: गुपित म्हणजे नेमकं काय. 'सर्व माहिती गोपनीय' असं लिहिलं की प्राध्यापक वर्गात स्फटिकीकरण शिकवायलाही बिचकेल. रेसिपी, ग्राहकांची नावं, किमती, बॅचचे आकडे अशी यादी द्या आणि मुदत घाला, तीन किंवा पाच वर्षं.

मग मुख्य करार. सही कोण करणार ते आधी विचारा. प्राध्यापक संस्थेच्या वतीने सही करू शकत नाहीत, ते काम कुलसचिव किंवा संशोधन अधिष्ठात्यांचं. प्राध्यापकाने विभागाच्या लेटरहेडवर सही करून दिलेला कागद वादाच्या वेळी उभा राहत नाही. स्टॅम्प पेपर १०० चा नेऊ नका, महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा बहुतेक कागदांना ५०० चा लागतो.

खरा विषय मालकीचा. अमेरिकेत १९८० च्या बेह-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना घेता येऊ लागली. आपल्याकडे तसं विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे इथे प्रत्येक संस्थेचं स्वतःचं बौद्धिक संपदा धोरण हाच आधार. पहिल्याच बैठकीत ते मागून घ्या आणि वाचा. काही ठिकाणी सगळा खर्च कंपनीने केला तर मालकी कंपनीला मिळते, काही ठिकाणी संयुक्तच राहते.

'संयुक्त मालकी' ऐकायला समजूतदार वाटते. दोघांचे कष्ट, दोघांचं नाव. पण पेटंट कायद्याचं कलम ५० वाचा. वेगळा करार नसेल तर प्रत्येक सहमालकाला शोध स्वतःसाठी वापरता येतो आणि त्याचा हिशेब दुसऱ्याला द्यावा लागत नाही. मात्र दुसऱ्याच्या संमतीशिवाय कोणालाच परवाना देता येत नाही किंवा आपला हिस्सा विकता येत नाही. आता विचार करा, विद्यापीठाकडे कारखाना नाही. त्याला 'स्वतःसाठी वापरायचं' म्हणजे काही नाही. त्याची कमाई फक्त परवान्यातून, आणि ती कंपनीच्या होकारावर अडलेली. उलट कंपनीला फुकट वापरता येतं, पण पुढे धंदा विकायचा झाला की प्रत्येक वेळी विद्यापीठाची सही लागते. म्हणून संयुक्त मालकी घेतलीच तर सोबत तीन गोष्टी लिहा: कंपनीला तिच्या क्षेत्रात एकमेव परवाना, विद्यापीठाला शिकवण्या-शोधण्यासाठी मोकळीक, आणि रॉयल्टी किंवा एकरकमी रक्कम. माझी पसंती स्वच्छ वाटणीला आहे. मालकी एकाकडे, दुसऱ्याला ठरलेला परवाना.

प्रकल्पाआधीपासून जे तुमचं होतं ते तुमचंच राहतं हेही लिहावं लागतं. तुमची रेसिपी, प्राध्यापकांचं सॉफ्टवेअर. दोन्हीकडून यादी जोडा. कामातून सॉफ्टवेअर निघणार असेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ कडे लक्ष द्या: हस्तांतरणपत्रात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि वर्षभरात हक्क वापरलेच नाहीत तर उलट काही ठरलेलं नसल्यास हस्तांतरण संपतं. एका ओळीने हे सगळं टळतं.

आता प्रकाशन. प्राध्यापकाला पेपर हवा, विद्यार्थ्याला प्रबंध हवा, कारखान्याला गुपित हवं. ही ओढाताण खरी आहे, 'आपण समजून घेऊ' म्हणून सुटत नाही. आपल्या कायद्यात शोध आधी छापून मग पेटंट मागण्याची सर्वसाधारण सवलत नाही, काही मोजके अपवाद आहेत त्यांच्या भरवशावर राहू नका. पेपर, परिषदेतलं पोस्टर, लिंक्डइनवरचा फोटो, यांतलं काहीही शोध जुना ठरवू शकतं. पीएचडीची खुली मौखिक परीक्षा आणि नंतर शोधगंगेवर चढणारा प्रबंध, तेही त्यातच. क्रम असा ठेवा: लेखाचा मसुदा कंपनीला, कंपनीने ३० दिवसांत हरकत सांगायची, पेटंट अर्ज करायचा असेल तर आणखी जास्तीत जास्त ६० दिवस थांबायचं, त्यानंतर छापायला मोकळं. 'कंपनीच्या परवानगीशिवाय कधीही छापता येणार नाही' असं कलम कोणत्याही शिक्षकाने मान्य करू नये. विद्यार्थ्याची पदवी तारण ठेवल्यासारखं होतं ते.

घाई असेल तर पेटंटचा प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करा. पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यायचा असतो, तारीख मात्र पहिल्या दिवसाची मिळते. ऑनलाइन अर्जाचं शुल्क लघुउद्योग, स्टार्टअप आणि शैक्षणिक संस्थांना १,६०० रुपये, बाकीच्या कंपन्यांना ८,०००. मुंबईचं पेटंट कार्यालय अँटॉप हिलला आहे. शोधकर्ते म्हणून नावं फक्त त्यांचीच ज्यांनी शोधात भर घातली. विभागप्रमुखांचं नाव मानाने घालायची रीत इथे चालत नाही. विद्यार्थ्याने भर घातली असेल तर त्याचं नाव येणारच, आणि त्याच्या हक्काचं हस्तांतरणपत्र तो इथे असतानाच सही करून घ्या. दोन वर्षांनी तो परदेशात कुठे असेल ते सांगता येत नाही. परदेशी भागीदार असेल तर आणखी एक: भारतात राहणाऱ्या शोधकर्त्याला परवानगीशिवाय आधी बाहेर अर्ज करता येत नाही, इथे अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं.

पण दर वेळी पेटंट हवंच का? आपल्या उदाहरणात उत्तर बहुधा निवण्याच्या वेळापत्रकात असेल: सुरुवातीला अगदी हळू, मग वेग वाढवत न्यायचं, आणि योग्य क्षणी थोडे तयार स्फटिक 'बी' म्हणून टाकायचे. याचं पेटंट घेतलं तर १८ महिन्यांनी ते जगाला दिसतं आणि शेजारच्या प्लॉटवरचा कारखाना ते वापरतोय की नाही, हे तुम्हाला भिंतीबाहेरून कळणार नाही. अशी गोष्ट गुपित म्हणून ठेवलेली बरी. मग विद्यार्थ्याच्या पेपरचं काय? त्याने तोच अभ्यास तशाच वागणाऱ्या दुसऱ्या, सगळ्यांना ठाऊक असलेल्या संयुगावर करून छापावा. पद्धत जगाला मिळते, तुमचे आकडे तुमच्याकडे राहतात. फक्त त्यासाठी लागणारे जादा दोन-तीन महिने आणि रसायनांचा खर्च पहिल्या बजेटमध्येच धरा.

करारात वेगळं होण्याचं कलमही लिहा. कोणी, किती दिवसांची नोटीस देऊन थांबायचं, आणि थांबलं तरी विद्यार्थ्याचे चालू सत्राचे पैसे कंपनी देईल. मालक बदलतात, प्राध्यापक दुसरीकडे जातात. मध्ये लटकतो तो विद्यार्थी.

पैसे बाहेरून मिळतील का

लहान कारखान्याला पहिला प्रकल्प खिशातूनच करावा लागतो, तो बरा. योजनांच्या मागे लागून वर्ष जातं. तरी माहिती हवी. जैवतंत्रज्ञानातल्या नव्या कल्पनेसाठी बायरॅक या केंद्रीय संस्थेचं 'बिग' अनुदान ५० लाखांपर्यंत आहे. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि जुनं एसईआरबी हे संशोधनाला निधी देणारं मंडळ त्यात विलीन झालं, संस्थांनी तिथे लक्ष ठेवावं. केंद्राने २०२५ मध्ये मंजूर केलेली १ लाख कोटींची संशोधन-विकास योजना मुख्यतः बऱ्यापैकी पिकलेल्या तंत्रज्ञानासाठी आहे, फिल्टर प्रेससाठी नाही. मोठ्या कंपन्यांना सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) सार्वजनिक विद्यापीठांच्या संशोधनाला पैसे देता येतात, कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ते आहे. मात्र त्या पैशातून स्वतःच्याच मालाचा प्रश्न सोडवून घेता येत नाही. 'सीएसआरमधून करू या का?' असं कोणी म्हणालं तर पेटंटवरचा हक्क सोडायची तयारी आहे का ते विचारा. करसवलतीबद्दल जुन्या गोष्टी ऐकून बसू नका. स्वतःच्या मान्यताप्राप्त संशोधन शाखेवरच्या खर्चाला एकेकाळी २००% वजावट होती, १ एप्रिल २०२० पासून ती १०० वर आली.

काम सुरू झाल्यावर

दर महिन्याला एक बैठक, एकदा प्लँटवर, एकदा प्रयोगशाळेत, आळीपाळीने. कंपनीकडून एकच माणूस नेमा, ज्याला नमुना काढून द्यायचा अधिकार आहे. नमुन्यासाठी तीन मेल, दोन सह्या आणि गेटपास लागत असेल तर प्रकल्प तिथेच दम तोडतो. गणपती, दिवाळी, सत्रपरीक्षा आणि तुमचं वार्षिक शटडाउन हे सगळं एका कॅलेंडरवर आधीच मांडा.

प्रयोगशाळेतून प्लँटवर जाताना एक खड्डा हमखास लागतो. १ लिटरच्या भांड्याची लांबी-रुंदी-उंची दहापट केली की घनफळ हजारपट होतं, पृष्ठभाग मात्र शंभरपट. म्हणजे १,००० लिटरच्या रिअॅक्टरला दर लिटरमागे उष्णता काढायला दहावा हिस्सा जागा उरते, आणि ढवळणंही तसंच राहत नाही. काचेच्या भांड्यात वीस मिनिटांत सहज निवणारी गोष्ट तिथे तेवढ्या वेळात निवत नाही. यावर उपाय म्हणजे उलटीकडून सुरुवात: आधी प्लँटमधल्या रिअॅक्टरचा निवण्याचा आलेख एका साध्या तापमान लॉगरने नोंदवा आणि मग प्रयोगशाळेतलं भांडं तसंच निवेल असं चालवा. जे प्लँट करू शकत नाही ते प्रयोगशाळेत करायचंच नाही, असा नियम घालून घ्या.

हप्ते कामाच्या टप्प्यांशी बांधा, पण टप्पा म्हणजे 'यश' नव्हे. संशोधनात 'हे कारण नाही' हेही उत्तर असतं, आणि त्याचे पैसे द्यावेच लागतात. पहिला हप्ता सहीवर, दुसरा कारण निश्चित झाल्यावर किंवा तीन शक्यता बाद झाल्यावर, तिसरा प्रयोगशाळेतल्या पद्धतीवर, आणि शेवटचा प्लँटवरच्या सलग काही बॅचनंतर. आपल्या उदाहरणात त्या बॅच जानेवारीतल्या हव्यात. ऑक्टोबरच्या उकाड्यात घेतलेल्या बॅचवर शेवटचं बिल मंजूर करू नका.

अखेरीस हाती काय घ्यायचं तेही ठरलेलं असू द्या: अहवाल, कच्चे आकडे, प्रयोगवहीची प्रत, आणि ऑपरेटरला वाचता येईल असं मराठीतलं एक पानी वेळापत्रक, फिल्टर प्रेसजवळ लॅमिनेट करून लावलेलं. सगळ्या पाळ्यांतल्या प्रत्येक ऑपरेटरला विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतः दाखवावं. उरलेले नमुने आणि मदर लिकरचे (स्फटिक काढल्यावर उरलेल्या द्रावणाचे) कॅन कारखान्याने परत न्यावेत. कॉलेजकडे तुमच्या रसायनांची विल्हेवाट लावायची सोय नसते, आणि वर्षभराने ते विभागाच्या जिन्याखाली सापडतात.